आडे सरांचं शून्य

आडे सरांना फिजिक्स येत होतं की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. अकरा वर्षं मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला, माझ्या डब्यातली गोड वरणाची वाटी ते नको नको म्हणत असताना त्यांच्या पुढ्यात सरकवली. एक माणूस कळायला एवढं पुरेसं असावं. पण आडे सरांना जेवढं जवळून बघावं तेवढा गोंधळ वाढायचा, आणि मला गोंधळ आवडत नाही. मी मराठी शिकवते. माझ्या वहीत समास आखलेला असतो, तारीख टाकलेली असते आणि प्रश्नाखाली उत्तर असतं.

सरांच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन असे आणि त्यावर मथळा असे : ‘नाही समजलं’. हा चौकोन मुलांसाठी नव्हता, सरांचा स्वतःचा होता. शिकवता शिकवता मध्येच त्यांचा हात थांबे, मान तिरकी होई आणि मुलांकडे पाठ ठेवूनच ते म्हणत, "थांबा बरं. हे मलेच नाही समजून राह्यलं." मग ती गोष्ट चौकोनात जाई. काही गोष्टी दोन दिवसांत पुसल्या जात, काही सहा-सहा महिने तिथेच मुक्काम करत. त्या वर्गावर पुढचा तास माझा असायचा. मी उरलेल्या फळ्यावर कविता लिहायची आणि मुलं कोपऱ्यातलं वाचत बसायची. एकदा तिथे लिहिलेलं होतं, ‘आरशात डावं-उजवं उलटं दिसते, वर-खाली काहून नाही?’ त्या दिवशी माझ्या कवितेचं काय झालं ते विचारू नका. मीच तासभर त्या आरशात अडकले होते.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय पुसदच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. आजूबाजूच्या खेड्यांतली आणि तांड्यांवरची मुलं येतात. सर स्वतः तांड्यावरचे. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरले, आपण मात्र एकाच वर्गात फिरतो, असं ते म्हणत. त्यांच्याकडे एक फोन होता, काच तडकलेला. पण त्याची पिशवी राजेशाही होती. लाल कापडावर आरसे आणि कवड्या टाचलेल्या, त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, स्वतः शिवलेली. या पिशवीतून फोन बाहेर निघाला की मुलं सावरून बसत. गंमत म्हणजे फोनवर बोलायला सरांना अजिबात आवडत नसे. तो वाजला की वर्गात कुणीतरी मध्येच उठून उर्मटपणा केल्यासारखं त्याच्याकडे बघत आणि वाजू देत.

वर्गात त्यांचा एक नियम होता. "समजलं का?" असं ते विचारत. जो "समजलं" म्हणेल त्याला फळ्यापाशी येऊन दुसऱ्यांना समजवावं लागे. जो "नाही समजलं" म्हणेल त्याला बसायची मुभा. परिणाम व्हायचा तोच झाला. साठातली अठ्ठावन्न पोरं एका सुरात "नाही समजलं" म्हणत. मी सरांना म्हटलं, "सर, ही कामचुकारपणाची शाळा झाली." ते म्हणाले, "असू द्या म्याडम. खोटं समजण्यापरीस खरं न समजलेलं बरं." हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. निकाल लागतो तेव्हा मात्र ते कामाला येत नाही, आणि सरांचा निकाल दरवर्षी मधलाच लागायचा. ना फार वर, ना फार खाली.

लॉकडाउनमध्ये घरोघरी फोन घेतले गेले. ज्यांनी कधी पोरांच्या हातात फोन दिला नव्हता त्यांनी कापूस विकून दिले. दोन वर्षं आम्हीच ओरडून सांगत होतो, फोन घ्या, फोन उघडा, फोनमध्ये बघा. मग कॉलेज उघडलं आणि दुसऱ्याच आठवड्यात सूचना निघाली की आवारात फोन दिसला तर जप्त. त्या जप्तीची जबाबदारी, माझा करडा स्वभाव लक्षात घेऊन, प्राचार्यांनी माझ्यावर टाकली. ऑफिसातलं एक लोखंडी कपाट माझ्या ताब्यात आलं.

एका मंगळवारी सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"म्याडम, कपाटात माल किती हाये?"

"नऊ फोन आहेत. का?"

"द्या. आवाजाचा वेग काढाचा हाये."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तिथल्या तिथे खरडून चिठ्ठी पुढे केली : ‘नऊ नग फोन, प्रात्यक्षिकासाठी उसने, तास संपल्यावर परत.’ खाली सही. कागद बघितला की मी हरते. मी किल्ली दिली. त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना पोरं उभी केली, त्यांच्यापुढे फोन ठेवले आणि टाळ्या वाजवायला लावल्या. एकीकडची टाळी दुसरीकडे पोचायला लागलेला वेळ फोन टिपत होते म्हणे. पहिल्या जोडीचा वेग पुस्तकापेक्षा बराच कमी आला, दुसरीचा बराच जास्त. मला वाटलं, सर ओशाळतील. ते खुशीत येऊन म्हणाले, "दोन्ही चूक. पण दोघं वेगवेगळं चुकले, हे लय चांगलं झालं." यात चांगलं काय, ते मला कळलं नाही. आता कुठे थोडंसं कळतं, पण तेही पूर्ण नाही.

दुसऱ्या दिवसापासून सायन्सची पोरं फोन उंच धरून माझ्यासमोरून जायला लागली. "म्याडम, जप्त करा नं!" माझ्या शिस्तीचं असं वाटोळं झालं. प्रकरण प्राचार्यांकडे गेलं आणि बराच खल होऊन तोडगा निघाला, की पालकांची लेखी परवानगी असेल तर फिजिक्सच्या तासापुरता फोन चालेल.

त्या परवानगीतून पूनम या गोष्टीत येते. हुशार मुलगी म्हणायची आपली पद्धत असते. पूनम हुशार होती की नाही माहीत नाही, चिवट होती. वर्गातल्या ज्या दोघी "समजलं" म्हणत त्यांतली ती एक. फळ्यापाशी जाऊन घाम फुटेपर्यंत समजवायची आणि जागेवर येताना म्हणायची, "सर, आता नाही समजलं." सर त्यावर इतके प्रसन्न होत की मला हेवा वाटायचा.

तिच्या वडिलांना, गजाननभाऊंना, मुलीने सायन्स घेतलेलं मुळात पसंत नव्हतं. सरांनी तीनदा त्यांच्या घरी जाऊन गळ घातली होती. आता फोनच्या परवानगीसाठी ते स्वतः कॉलेजात आले, स्टाफरूममध्ये सरांच्या समोर बसले आणि सही करण्याआधी बोलले. मी तिथेच होते.

"सर, घरात एकच फोन हाये, अन् तो माह्या हाये. तुमच्या शब्दावर देऊन राह्यलो. पण फोनले काही झालं, नाहीतर फोनपायी काही उलटसुलट ऐकू आलं, तर पोरीचं सायन्स बंद. मंग मले म्हणू नका, का भाऊ असं काहून केलं."

"नाही म्हणणार," सर म्हणाले.

गजाननभाऊ वाईट माणूस नव्हते. घरातल्या पहिल्याच मुलीला एवढं शिकवायचं तर पाय जरा चाचपत टाकावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण बोलल्याप्रमाणे करणारे होते, आणि दाराआड उभी असलेली पूनम ते ओळखून होती. सही झाली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. एवढ्याशा कागदावर मुलीचं आख्खं पुढचं शिक्षण टांगलेलं असावं, याचा मला राग आला. कुणाचा आला ते मात्र ठरवता येईना.

साधारण त्याच सुमारास सरांना ते शून्य भेटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला फोन माझ्या डब्याशेजारी ठेवला.

"म्याडम, हा काय करून राह्यला?"

"काही नाही. पडलाय टेबलावर."

"त्याले इचारा. तो म्हणते, माह्यावर नऊ पॉइंट आठ हाये." फोनवर एक फुकटचं ॲप होतं आणि त्यावर खरंच तो आकडा थरथरत होता. सरांनी फोन उचलला, वरच्या हातातून खालच्या हातात टाकला. "अन् पडला का म्हणते, शून्य! उलटं पाहिजे का नाही? पडते तवा प्रवेग पाहिजे. टेबलावर निजला तवा शून्य पाहिजे."

"सर, पुस्तकात असेल की."

"पुस्तकात हाये. पुस्तकातलं मले समजते. हे नाही समजून राह्यलं."

आठवडाभर त्यांनी भेटेल त्याला फोन खाली टाकून दाखवला. चहावाला म्हणाला, "सर, फोन चायनाचा असन." प्राचार्यांनी विचारलं, हे परीक्षेला आहे का? शिपायाने तर फोन झेलायची जबाबदारीच घेतली, सरांचा हात चुकेल या भीतीने. शेवटी ते शून्य फळ्याच्या चौकोनात गेलं : ‘पडताना शून्य काहून?’ दिवाळी गेली, संक्रांत आली, ते तिथेच. मला एव्हाना सरांची काळजी वाटायला लागली होती. बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या आणि हा माणूस अकरावीतल्या धड्यावर पोरांसमोर डोकं खाजवत उभा.

या हातातून त्या हातात पडायला वेळच लागत नाही, त्यामुळे आलेख नीट येत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. उंचावरून टाकायला पाहिजे, आणि खाली मऊ पाहिजे. जिमखान्याची गादी उंदरांनी खाल्लेली होती. तेव्हा पूनम म्हणाली, "सर, आमच्या घरी कापसाची खोली हाये. वर माळा हाये."

दुसऱ्या कुठल्या मुलखात फोन टाकायला काय शोधतील देव जाणे. आमच्याकडे जानेवारीत कापूसच असतो. भाव चढेल या आशेवर घरातली एक खोली त्याने भरलेली असते. शनिवारी सकाळचं कॉलेज सुटल्यावर सात पोरं-पोरी, सात फोन आणि सर निघाले. "मुली हायेत म्याडम, तुमी चला," असं म्हणून मलाही घेतलं.

मी माझं काम नीट केलं नाही, हे इथेच सांगून टाकते. लक्ष ठेवायला म्हणून गेलेली मी, पूनमच्या आईशी गप्पा मारत अंगणात तिळाचे लाडू खात बसले. आतून ओरडा ऐकू येत होता. माळ्यावरून एकेक फोन खालच्या कापसात पडे, पोरं हात घालून काढत, आलेख बघत आणि "शून्य! शून्य!" असा गलका करत. सरांनी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावले होते. आधी एकदा पडता पडता कुणाच्या तरी मावशीचा फोन आला होता आणि थरथरीने आलेख बिघडला होता, तेव्हापासूनची ती सक्ती. शेवटचा फोन पूनमचा पडला. तेवढ्यात आधीच्या दोन आलेखांवरून पोरांत वाद पेटला, एकाचं शून्य पूर्ण शून्य नव्हतं म्हणे. सर तावातावाने सगळ्यांना उजेडात, अंगणात घेऊन आले. चहा आला. सर त्या अपुऱ्या शून्यात इतके बुडाले की चहाची बशी हातातच निवली.

मागच्या दाराला ट्रॉली लागली होती. गजाननभाऊंनी त्याच दिवशी माल काढायचं ठरवलं होतं. मजुरांनी खोली रिकामी करून, ट्रॉलीत पायांनी तुडवून कापूस भरला आणि ट्रॅक्टर निघून गेला. आम्ही तो जाताना बघितलासुद्धा. एका पोराने ड्रायव्हरला हात केला.

मग गजाननभाऊ हात पुसत अंगणात आले. "पूनम, फोन दे वं. जिनिंगच्या मुनीमले सांगतो, गाडी निघाली म्हणून."

पूनमने आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग सरांकडे. मी माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं पुष्कळदा वाचलं आहे आणि वर्गात शिकवलंही आहे. बघितलं त्या दिवशी.

"वाजवून पाहा," कुणीतरी म्हणालं.

"वाजणार नाही," सर हळूच म्हणाले. "फ्लाइट मोडवर हाये."

"म्हंजे?" गजाननभाऊंनी विचारलं.

"म्हंजे... मीच बंद कराले लावला."

मुनीमाचा नंबरही त्याच फोनमध्ये होता. गजाननभाऊंनी मोटारसायकलला किक मारली, पूनम मागे बसली. मी सरांच्या गाडीवर मागे बसले. फोनपेक्षा मोठी भीती दुसरीच होती. कापसात लोखंडाचा तुकडा गेला तरी जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, ठिणगी पडते, इथे तर बॅटरी होती. नऊ किलोमीटर मी डोळे मिटून बसले होते.

ट्रॉली रांगेत तिसरी होती. जिनिंगच्या सुपरवायझरने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. त्याने ट्रॉली बाजूला घ्यायला लावली, ताडपत्र्या अंथरल्या आणि चार बायांना कापूस हाताने उपसायला बसवलं. आता इथे आडे सरांनी काय करावं? गजाननभाऊंची माफी मागावी, की नाही? त्यांनी कवड्यांच्या पिशवीतून स्वतःचा फोन काढला. फोनच्या आत स्पीकरला लोहचुंबक असतो आणि दुसऱ्या फोनला तो जाणवतो, असं म्हणून ते कापसावरून आपला फोन फिरवू लागले. ट्रॉलीपाशी आकडा नुसता नाचायला लागला, ती आख्खी लोखंडाचीच. मग ते ताडपत्रीवर आले. एका जागी आकडा चढला. "हाये! इथं हाये!" सर गुडघ्यावर बसून कापूस उकरायला लागले. हाताला लागला एक गंजलेला नट.

"सर, फोन हाये का भंगारवाला?" उपसणाऱ्या बायांतली एक म्हणाली. सगळे हसले. गजाननभाऊ हसले नाहीत. पूनम त्यांच्यामागे दोन पावलांवर उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

फोन शेवटी त्याच बाईला सापडला. कापूस वेचून वेचून ज्या हाताला सरकीतला खडा कळतो, त्याला फोन कळायला किती वेळ? "हे घ्या, लागला," म्हणून तिने तो वर केला. गजाननभाऊंनी हात पुढे केला, पण सर आडवे आले. काचेवर ओरखडाही नव्हता. उलट ॲप अजून चालूच होतं, गेल्या दीड-दोन तासांचं सगळं टिपत.

"गजाननभाऊ, हे पाहा! हे पाहा नं!" सरांना कशाचंच भान नव्हतं. "हे फोन पडला, अर्धा सेकंद शून्य. हे इथं तो कापसात निजला. हे मजूर तुडवून राह्यले. हा रस्ता. अन् हा दणका पाहा, केवढा!"

गजाननभाऊंनी न राहवून वाकून बघितलं. "हा नाल्यातला," ते म्हणाले. "तिथं ट्रॉली आपटतेच." क्षणभर ते विसरले की आपण रागावलो आहोत. बोट मागे नेत त्यांनी विचारलं, "पण पडताना शून्य काहून? पडते तवा तर जोर पाहिजे."

आणि सर, जुन्या सवयीने, सरळ बोलून गेले, "तेच मले अजून नाही समजलं."

गजाननभाऊ ताठ झाले. फोन त्यांनी खिशात घातला. "तुमालेच नाही समजत, तर पोरीले काय शिकवून राह्यले, सर? याच्यापायी माह्या फोन, माह्या माल, अन् उद्या जिनिंग पेटलं असतं तर? बस झालं. सोमवारपासून पूनम येणार नाही."

मला वाटलं सर काहीतरी बोलतील. ते हातातला गंजलेला नट फिरवत राहिले. मी म्हणाले, "भाऊ, जरा ऐका," पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इतकं लाचार मला क्वचित वाटलं असेल.

"बाबा," पूनम म्हणाली. "तुमी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेताच्या उंच धुऱ्यावरून खाली उडी मारता का नाही?"

"त्याचं काय?"

"उडीत असता तवा डोक्यावर गाठोड्याचं ओझं लागते का?"

गजाननभाऊंची मान जराशी हलली, डोक्यावर खरंच काही असल्यासारखी. "नाही लागत," ते सावकाश म्हणाले. "पाय टेकले का मंग दणका बसते."

"बस. फोनच्या आत असंच इवलंसं वजन हाये, स्प्रिंगवर ठेवलेलं. फोन टेबलावर असला का ते वजन दाबते, म्हणून नऊ पॉइंट आठ. पडते तवा फोन अन् वजन संगंच पडून राह्यले. मंग कोण कोणाले दाबन? म्हणून शून्य."

उपसणाऱ्या बायांचे हात थांबले होते. मला, जिला फिजिक्समधलं ओ की ठो कळत नाही, तिलाही ते कळलं. गजाननभाऊ सरांकडे वळले.

"बरोबर हाये का, सर?"

सरांनी पूनमकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, परत तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली.

गजाननभाऊंच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग हसू. "अस्सं! म्हंजे तुमाले ठाऊक होतं! पोरीची परीक्षा घेऊन राह्यलते होय, माह्यासमोर!" त्यांनी सरांच्या पाठीवर अशी थाप मारली की सर दोन पावलं पुढे गेले. "मानलं तुमाले!" सोमवारचा विषय परत निघाला नाही.

परतताना मी विचारलं, "सर, खरंच ठाऊक होतं तुम्हाला?"

"म्याडम, रस्ता खराब हाये. धरून बसा," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

गावोगाव ही गोष्ट गेली. गजाननभाऊंनीच ती कौतुकाने सांगितली. आडे सर सगळं जाणून असतात, मुद्दाम अजाणपणाचं सोंग घेतात आणि पोरांकडून काढून घेतात, अशी त्यांची ख्याती झाली. ज्यांनी सरांना अडाणी ठरवलं होतं ते पालक आता आपली मुलं सरांकडेच हवीत म्हणून अडून बसत. मला आनंद झाला. मित्राचं नाव झालं की होतोच. सर मात्र दिवसेंदिवस मिटत गेले.

कारण मला हळूहळू कळलं. ते फळ्यापाशी थांबून "हे मलेच नाही समजलं" म्हणायचे आणि वर्ग हसायचा. "सर नाटक करून राह्यले!" मागच्या बाकावरून आवाज यायचा. ते कळवळून सांगत, "नाही रे, खरंच नाही समजलं," तर हसू आणखी वाढे. त्यांच्या न समजण्यावर कुणाचा विश्वासच राहिला नाही. एक दिवस मी माझ्या तासाला गेले तर फळा चारी कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ होता. मला भरपूर जागा मिळाली. मला ती नको होती.

पूनम बारावी झाली. बीएस्सीला अमरावतीला गेली, गजाननभाऊ स्वतः सोडून आले. तिला फोनही घेऊन दिला. सरांना पेढे आणून दिले तेव्हा सर घरात लपल्यासारखे आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं. मी ते लाजणं समजले.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. सरांवर बोलणाऱ्या प्रत्येकाने जिनिंगची गोष्ट सांगितली, प्राचार्यांनी सर्वांत रंगवून. सर नारळ मांडीवर घेऊन खाली बघत होते. उत्तराला उभे राहिले, "सगळ्यायले नमस्कार," एवढं म्हणाले आणि बसले. लोकांनी त्यालाही विनय म्हणून टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्यासोबत रस्त्यापर्यंत गेले. बस लवकर आली. ते चढले, खिडकीपाशी बसले आणि काच सरकवून बाहेर वाकले.

"म्याडम, त्या दिवशी मी मान हलवली नं, ते खोटं होतं."

मी खिडकीच्या आणखी जवळ सरकले.

"लिफ्टमधल्या माणसाचं गणित मी तीस वर्षं सोडवून राह्यलो. लिफ्ट पडली का वजन शून्य. पाठ हाये मले. पण लिफ्टमंदी मी उभ्या जन्मात बसलो नाही. ते अन् फोनचं शून्य एकच हाये, हे मले तिथं समजलं, पूनमच्या तोंडून. गजाननभाऊले खरं सांगाले पाहिजे होतं. मंग पोरगी घरी बसली असती. नाही सांगितलं, तर..." त्यांनी हवेत बोटाने एक चौकोन काढला आणि तळव्याने पुसून टाकला.

"सर, पूनमला वाटतं का तुम्हाला ठाऊक होतं म्हणून?"

"तिले कायले वाटन?" ते म्हणाले. "मी खरं बोलाले तोंडच उघडत होतो. बापाच्या मागून तिनंच डोयानं खुणावलं. सर, मान हलवा."

कंडक्टरने घंटी मारली. सर नारळ सांभाळत नीट बसले आणि बस पुसदच्या बाजूला निघून गेली.